एरोच्या कड्यापर्यंत

बागेनकोप, लांगेलँड बेट
५ फेब्रुवारी १८७१

प्रिय टूरे,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. सहा वर्षं आठ महिने झाले. मधल्या काळात तुझी दोन पत्रं आली आणि दोन्ही मी न उघडता परत पाठवली. त्यांत काय होतं ते मला आजही माहीत नाही, म्हणून हे त्यांचं उत्तर समजू नकोस. उत्तर द्यायला आधी वाचावं लागतं.

इथे समुद्र गोठला आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एकही जहाज गेलेलं नाही, त्यामुळे जहाजांना वाट दाखवणाऱ्यालाही काम नाही. माझी होडी किनाऱ्यावर पालथी पडली आहे. टपाल बर्फावरून येतं. चार माणसं एक होडी ओढत आणतात, बर्फ फुटला की आत उड्या मारतात, पुन्हा बर्फ लागला की उतरून ओढतात. हे पत्रही तसंच जाईल. बोएलचा गुडघा थंडीत आखडतो. यंदाचं डुक्कर तिने एकटीने खारवलं, मला हात लावू दिला नाही. आमच्या घरात सध्या बोलणं कमी आहे.

तू इथे शेवटचा आलास तो दिवस मी आधी लिहितो. तुझ्या बाजूने तो तुला ठाऊक आहे, माझ्या बाजूने नाही.

चौसष्टच्या जूनमध्ये युद्धबंदी संपायला आठवडा उरला होता. प्रशियन फौज आल्स बेटाच्या चिंचोळ्या खाडीपलीकडे येऊन बसली होती आणि अलीकडे, बेटावर, आमची मुलं होती. त्यांत आमचा मोर्टेन. तुमच्या स्वीडनच्या राजाने आदल्या उन्हाळ्यात आमच्या डेन्मार्कच्या राजाला वीस हजार माणसांचा शब्द दिला होता. आमच्या गावात त्या वीस हजारांची सोयसुद्धा लावून झाली होती. पाद्रीबाबांच्या कोठारात दोनशे, शाळेत साठ, उरलेल्यांनी पुढे जावं. बेकर म्हणायचा, स्वीडनच्या माणसाला पाव गोड लागतो, साखर आत्ताच भरून ठेवा, नाहीतर आपल्या बाजूने लढायला येतील आणि न्याहारीवरून भांडून परत जातील. रोज सकाळी लोक टेकडीवर जाऊन पूर्वेकडे बघायचे. मीही जायचो.

त्या सकाळी अकरा शिडं दिसली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शिडावरून जहाज ओळखणारा गावात मीच. टूरे, ती जहाजं पाण्यात खोल बसलेली होती. युद्धनौका तशी चालत नाही. तीन दिवस वारा पडला होता आणि तो उठल्यावर लाकडाची जहाजं एकदम सुटली होती, एवढंच. डेकवर रचलेल्या फळ्यांच्या राशी मला दिसल्या होत्या. मला दिसल्या होत्या, आणि तरी मी म्हणालो, आले. मग कुणीतरी पळत जाऊन देवळाची घंटा वाजवायला लागलं.

मी होडी घेऊन पुढच्या जहाजापाशी गेलो, तर ते तुझं. वर चढलो तेव्हा सगळीकडे ओल्या पाइनचा वास होता. तू हात पुढे केलास, आणि घंटा ऐकून विचारलंस, गावात कुणाचं लग्न आहे का. तुला काय माहीत. पण मला ते सहन झालं नाही. मी विचारलं, माणसं कुठे आहेत. कसली माणसं, असं तू म्हणालास, आणि मग तुझ्या लक्षात आलं. तू मला बसवलंस, कॉफी ओतलीस, आणि नीट समजावून सांगितलंस, की राजा जेवणाच्या टेबलावर बोलला होता, मंत्र्यांना विचारून नव्हे. मंत्री म्हणतात, इंग्लंड हलत नाही, फ्रान्स हलत नाही, रशिया पाठीशी दबा धरून बसलाय. आपण एकटे उतरलो तर आपणही बुडू आणि डेन्मार्कही वाचणार नाही. तू हेही म्हणालास की तुझ्या एलोफच्या पलटणीला इकडच्या किनाऱ्यासमोर, स्कोने प्रांतात आणून ठेवलंय आणि तू रोज देवाला सांगतोस की तिला तिथेच राहू दे.

"एलोफ बावीस वर्षांचा आहे, येप्पे," तू म्हणालास.

"मोर्टेनही बावीसचाच आहे," मी म्हणालो. "फळ्या इथेच उतरवून जा. आम्हाला शवपेट्या करायला लागतील."

मी कॉफी न पिता उतरलो. तुझं जहाज उथळाच्या दांड्यावरून तुझं तूच काढलंस. ते माझं काम होतं, ते मी केलं नाही. आठ दिवसांनी प्रशियन होड्यांतून आल्सवर उतरले आणि मोर्टेन पाण्याच्या काठाशीच पडला. त्याच्या तुकडीतला, आल्सचाच लाउरिट्स नावाचा मुलगा त्याचा चाकू आणि टोपी घेऊन आमच्याकडे आला. तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी जायला निघाला तेव्हा आमची सिदसेल त्याला धक्क्यापर्यंत सोडायला गेली. दोन वर्षांनी ती त्याच्याशी लग्न करून आल्सवर गेली. तोवर आल्स प्रशियाचं झालं होतं. लाउरिट्सला इकडे येऊन राहता आलं असतं, पुष्कळ जण आले, पण बापाचं शेत त्याच्याने सोडवेना. तिथे राहायचं म्हणजे त्यांची प्रजा व्हायचं, आणि त्यांची प्रजा म्हणजे त्यांच्या फौजेच्या यादीत नाव. हे तेव्हा आम्हा सगळ्यांना दूरचं वाटलं.

आता गेल्या उन्हाळ्याचं. जुलैत फ्रेंच आणि प्रशियन यांची जुंपली तेव्हा इथे लोकांना आनंद आवरेना. हे मी लपवत नाही. फ्रेंच आरमार उत्तरेकडून बेल्टच्या सामुद्रधुनीत उतरलं तेव्हा बायका टेबलावरचे कपडे काढून हलवत होत्या. सगळ्यांचं म्हणणं एकच: आपणही उतरायचं, आणि गेलेलं परत घ्यायचं. मग कोपनहेगनहून तटस्थतेचा जाहीरनामा आला. जकात अधिकाऱ्याने तो खानावळीत उभं राहून वाचला. त्यात आमच्यासाठी एक वेगळं कलम होतं. डेन्मार्कच्या पाण्यात कुठल्याही लढणाऱ्या देशाच्या जहाजाला वाट दाखवायला हरकत नाही, पण आपल्या पाण्याच्या हद्दीबाहेर एक हातही पुढे जायचं नाही. म्हणजे माझ्यापुरतं, एरो बेटाचा कडा उत्तरेला आला की उतरायचं.

खानावळीत त्यावर चार दिवस वाद चालला. आमचे शाळामास्तर म्हणाले, सरकार मूर्ख नाही, फक्त थांबलंय; फ्रेंचांनी ऱ्हाइनवर एक लढाई जिंकू दे, मग बघा. खोगीर शिवणारा विल्लाद्स म्हणाला, मास्तर, तुमच्या सरकारचा एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर, विजार कुठल्या बाजूने भिजते तेवढंच बघतंय. सगळे हसले. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी बोटाने टेबलावर बियरच्या ओलाव्याने नकाशा काढला आणि दाखवलं की ऑस्ट्रिया तसाच बसलाय, चार वर्षांपूर्वी प्रशियाकडून खाल्लेला मार अजून दुखतोय, शिवाय पूर्वेकडे रशिया. इटली ऑस्ट्रियाकडे बघतोय. आम्ही फ्रेंचांकडे बघतोय. आणि स्वीडन, असं म्हणून ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, स्वीडन नेहमीप्रमाणे लाकूड कापतोय. तेव्हाही सगळे हसले. तेवढ्यात नकाशा सुकून गेला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एरोच्या कोळ्यांबरोबर सिदसेलचा निरोप आला. तिने कागदावर लिहिलं नव्हतं, कारण कागद सापडला तर तुरुंग. एका म्हाताऱ्या कोळ्याकडून पाठ करून घेतलं होतं, आणि तो आमच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून, डोळे मिटून, धडा म्हणावा तसं म्हणाला. लाउरिट्सला राखीव पलटणीत ओढलं आहे. ती पलटण अजून फ्रान्सला धाडलेली नाही, किनाऱ्यावरच ठेवली आहे, कारण फ्रेंच उतरतील अशी त्यांना भीती आहे. प्रशियनांनी खाडीतल्या वाट दाखवणाऱ्या सगळ्या तरंगत्या बोया उचलल्या आहेत आणि दिवे विझवले आहेत. वाट माहीत असलेला माणूस मिळाल्याशिवाय फ्रेंचांना आत येता येणार नाही. बाबांना वाट माहीत आहे. एक जहाज जरी आत आलं तरी पलटण इथून हलणार नाही. आम्ही रोज समुद्राकडे बघतो. ती गरोदर आहे, हेही त्याने सांगितलं, पण ते शेवटी, कारण मधे विसरला होता.

बोएलने त्याच दिवशी माझ्या लोकरीच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं. आठ दिवसांचं.

मला बोलावणं आलं ते त्या महिन्याच्या नऊ तारखेला. त्याच सकाळी वर्तमानपत्र आलं होतं. फ्रेंचांचा त्यांच्याच आल्सास प्रांतात मोठा पराभव झाला होता, मास्तर ज्या लढाईची वाट बघत होते तीच लढाई, उलटी. मी ते घडी करून खिशात घातलं आणि गेलो. फ्रेंच जहाज पोलादी होतं, साडेचार वाव खोल पाण्याशिवाय तरंगणार नाही असं. मी सुकाणूपाशी उभा राहिलो. माझी होडी मागे दोरीला होती आणि तीत माझा जुना जोडीदार क्नुड सिगार ओढत बसला होता. त्यांच्या कप्तानाबरोबर कोपनहेगनच्या एका दारूच्या व्यापाऱ्याचा कारकून दुभाषी होता. कप्तान सभ्य होता. त्याने आल्सच्या खाडीचा नकाशा पसरला आणि आत न्याल का, असं विचारलं. मी म्हणालो, नकाशा जुना आहे, वाळू सरकली आहे, पण मला माहीत आहे ती कुठे सरकली.

एवढं बोललो म्हणजे मी जवळजवळ कबूलच झालो होतो. मी खोली मोजायचा शिशाचा गोळा टाकायला सांगितला, त्याच्या तळाला लावलेल्या चरबीवर काय चिकटून आलंय ते बघितलं, निळसर चिकणमाती आणि शिंपल्यांचा चुरा, म्हणजे आपण जिथे असायला हवं तिथेच होतो. मग मी डेकवर नजर फिरवली. टूरे, त्या जहाजावर खलाशी होते, तोफा होत्या, पण फौज नव्हती. घोडे नव्हते, उतरण्याच्या सपाट होड्या नव्हत्या. मागच्या दोन जहाजांवरही नव्हत्या. मी दुभाष्याला विचारलं, उतरणार कोण. तो म्हणाला, फौज येणार होती, पण आता ती ऱ्हाइनवर लागेल.

तेव्हा मला सगळं पुढचं दिसलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. हे आत जातील, दोन दिवस किनाऱ्यावर गोळे टाकतील, निघून जातील. आल्सची माणसं आनंदाने धक्क्यावर येतील, आणि जहाजं गेल्यावर ती तिथेच राहतील, प्रशियनांच्या तावडीत, नावानिशी. आणि फ्रेंच जहाजावर डेन्मार्कचा वाटाड्या होता एवढं निमित्त त्यांना पुरेल. आमच्याकडे उरलेलं अर्धं जटलँड द्वीपकल्पही जाईल. हे खरं आहे. मी आजही ते खोडू शकत नाही. पण खिशात वर्तमानपत्रही होतं. हरणाऱ्याच्या जहाजावर आपण उभे आहोत हे मला कळत होतं, आणि पाय उतरायला निघाले होते. त्यातलं शहाणपण किती आणि भीती किती, ते मला सांगता येत नाही. पाण्याची खोली मी मोजू शकतो. ही मोजायला माझ्याकडे दोरी नाही.

एरोचा कडा उत्तरेला आला. मी म्हणालो, माझं पाणी संपलं. जहाज थांबवलं गेलं. कप्तानाने आग्रह केला नाही. फक्त दुभाष्यातर्फे एक वाक्य बोलला.

"मागच्या खेपेला तुम्हीही कुणाची तरी वाट बघत होतात ना?"

मी शिडीवरून उतरलो. क्नुडने सिगार विझवून खिशात ठेवली आणि वल्हं घेतलं. धक्क्यावर लोक जमले होते. विल्लाद्स म्हणाला, लवकर आलास, येप्पे, फ्रान्स जवळच आहे म्हणायचं. जकात अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला, त्याचं जास्त लागलं. घरी बोएलने गाठोडं सोडलं, कपडे एकेक करून कपाटात ठेवले, आणि म्हणाली, "उतरलास." प्रश्न नव्हता तो.

ती जहाजं पुढे बाहेरच फिरत राहिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला सगळ्यांना कळलं की कुणी उतरणार नाही, तेव्हा किनाऱ्यावरच्या पलटणी आगगाडीत बसवून फ्रान्सला धाडल्या गेल्या. ऑक्टोबरात मला कोपनहेगनहून शाबासकीचं पत्र आलं, कठीण प्रसंगी नियमाचं अचूक पालन केल्याबद्दल. त्यावर शिक्का आहे. ते मी कुणाला दाखवलेलं नाही. आता इथे लोक माझ्याशी बरे वागतात. फ्रेंच सगळीकडे हरले, त्यांचा बादशहा पकडला गेला, म्हणून मास्तर म्हणतात की येप्पेने आणि सरकारने एकच शहाणपण केलं. विल्लाद्सही आता तसंच म्हणतो. शहाणे ठरलो ते प्रशियन जिंकले म्हणून. उलटं झालं असतं तर ह्याच लोकांनी मला ओळख दाखवली नसती.

मी तुला सहा वर्षं भित्रा म्हणत आलो. खानावळीत, घरात, एकदा तर देवळाच्या दारात. तू मला त्या दिवशी कॉफी ओतून जे समजावत होतास ते मी गेल्या ऑगस्टपासून रोज सिदसेलला मनात समजावतो. शब्दही तुझेच येतात. आम्ही एकटे काय करणार होतो. तुम्हीही बुडला असतात. सगळं खरं आहे, आणि ऐकणाऱ्याच्या ते काहीच कामाचं नाही.

लाउरिट्स चार डिसेंबरला ऑर्लेआंजवळ मेला. फ्रेंच गोळीने. आम्हाला ते नाताळच्या आठवड्यात एरोच्या कोळ्यांकडून कळलं. मी लगेच सिदसेलला पत्र लिहिलं. ते न उघडता परत आलं. पत्त्यावर तिने स्वतःच्या हाताने रेघ मारली होती, सरळ, पट्टी लावून मारावी तशी. मी दुसरं लिहिलं, तेही आलं. बोएलला लिहिता येत नाही आणि माझ्याकडून ती लिहून घेणार नाही. परवा बर्फावरून टपाल आणणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं की जानेवारीत सिदसेलला मुलगी झाली, आणि घरात ती, बाळ आणि आंधळी सासू एवढीच माणसं आहेत. शेताकडे बघायला कुणी नाही. गावातले पुरुष तिकडे फ्रान्समध्ये आहेत. बाळ कसं आहे ते त्याला माहीत नव्हतं.

म्हणून हे पत्र, टूरे. माफी मागायला मी आधीच लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही, आणि आता गरज पडली म्हणून लिहितोय, हे तुला दिसेल. दिसू दे. सिदसेलच्या बारशाला तू तिला हातात धरून उभा होतास, तू तिचा धर्मपिता आहेस. तुझी पत्रं मी परत पाठवली तेव्हा ती एकटी माझ्याशी भांडली होती. म्हणाली होती की टूरेकाका म्हणजे स्वीडनचा राजा नव्हे. माझं अक्षर ती उघडणार नाही, तुझं उघडेल. तिला लिही. माझ्या बाजूने एक शब्द लिहू नकोस, मी का उतरलो तेही सांगू नकोस. तुझ्याकडचं लिही, लाकडाचं, बर्फाचं, एलोफला किती मुलं झाली त्याचं. विचार की दूध आहे का, सरपण आहे का, बाळाचं नाव काय ठेवलं. बर्फ वितळला की तुझी जहाजं आल्सला जाऊ शकतात, तुम्ही कुणाच्याच बाजूने नाही, तुम्हाला कुणी अडवणार नाही. तिला इकडे यायचं असेल तर आण, तुझ्याकडे राहायचं असेल तर तिकडे ने. आणि तिचं उत्तर आलं तर ते मला पाठवू नकोस, ते तुझ्यासाठी असेल. ती जिवंत आहे आणि बाळ दूध पितं, एवढंच कळव.

तू म्हणू देशील तर, तुझाच
येप्पे